खामल्यातली १६ फ्लॅटची स्कीम: राहून बघितल्यावर

नागपुरात खामला आणि छत्रपती चौक यांच्या मधल्या एका गल्लीत जुना बंगला पाडून ही स्कीम उभी राहिली. खाली पार्किंग, वर चार मजले. एका मजल्यावर चार फ्लॅट, त्यांतले दोन टू बीएचके आणि दोन वन बीएचके. म्हणजे ७,५०० स्क्वेअर फुटांच्या प्लॉटवर १६ कुटुंबं. आम्ही २०२२ च्या दिवाळीच्या सुमारास इथे राहायला आलो. मी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मिस्टर मिहानमध्ये एका गोदामाचं स्टोअर सांभाळतात, मुलगी कॉलेजात आहे आणि सोबत सासूबाई असतात. घर तिसऱ्या मजल्यावर. लॅबमधल्या मुली, नात्यातली लग्न ठरलेली पोरं, सगळे विचारतात की अशा छोट्या फ्लॅटमध्ये कसं वाटतं, घ्यावा का. म्हणून सविस्तर लिहिते. बिल्डरचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या पद्धतीच्या इमारतीबद्दल आहे आणि ती घेताना काय बघावं याबद्दल आहे.

आधीच सांगून टाकते. मला हे घर फार आवडलं आहे, आणि आपल्या शहरात अशा इमारती गल्लोगल्ली व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. काही गोष्टी वाईट आहेत, त्याही लिहिते.

किमतीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं तिच्यानंतर. आमच्या टू बीएचकेचं कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ५४० स्क्वेअर फूट. पार्किंग, वीज मीटर, पाण्याचं कनेक्शन सगळं धरून ४४ लाख ५० हजार. वन बीएचके ३८० कार्पेटचे, ते ३२ लाखांच्या आसपास गेले. किंमत ४५ लाखांच्या आत बसवली त्यामागे कारण आहे. बांधकाम चालू असताना घर घेतलं की एरवी ५ टक्के जीएसटी लागतो. पण एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि नागपूरसारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर तोच जीएसटी १ टक्का होतो. आमचे तिथेच १ लाख ७८ हजार वाचले. करारनामा माझ्या एकटीच्या नावावर केला, म्हणून मुद्रांक शुल्कातही १ टक्का सवलत मिळाली; बायकांसाठी ती एप्रिल २०२१ पासून आहे. ज्यांना बँकेतून लोन काढून घर घ्यायचं आहे त्यांच्यासाठी या दोन रकमा म्हणजे मॉड्युलर किचन आणि पंखे-दिवे सगळं आलं. तरी कित्येकांना ठाऊक नसतं. ताबा मात्र सांगितल्यापेक्षा आठ महिने उशिरा मिळाला, तेवढे दिवस राहायला न मिळताच हप्ता भरला.

आता खरा मुद्दा. आमच्या समोर, जवळपास एवढ्याच प्लॉटवर, त्याच सुमारास दुसरी इमारत झाली. तीही चार मजल्यांची. तिथे एका मजल्यावर एकच फ्लॅट आहे. किंमत दीड कोटीच्या वर. चारातला एक बंदच असतो, मालक बाहेर देशात आहेत. रस्त्यावरून बघितलं तर दोन्ही इमारतींची उंची सारखी. दोन्हींना लिफ्ट आहे, दोन्हींना बोअर आहे, दोन्हींचं बांधकाम चालू असताना गल्लीत गिट्टी-रेतीचे ढीग सारखेच पडले होते. फरक एवढाच की तिकडे चार दारं आहेत आणि इकडे सोळा.

या भागात जमीन महाग आहे, ती कोणालाच स्वस्त मिळत नाही. आमच्याकडे तिची किंमत सोळा जणांत वाटली गेली म्हणून एका लॅब टेक्निशियनला ती परवडली. चार जणांत वाटली असती तर मी आजही हुडकेश्वरच्या पुढे, शहराबाहेरच्या आमच्या जुन्या घरात असते. आपल्याकडे एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, वाढवला की घरं स्वस्त होतील असं सगळे धरून चालतात. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं बांधकाम बरंच वाढवून दिलं. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात तर रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार पाहून एफएसआय ४ पर्यंत जातो. चांगली गोष्ट आहे, मी त्याच्या बाजूनंच आहे. पण तेवढ्या वाढीव बांधकामात तीन हजार फुटांचे फ्लॅटच काढले तर मजले वाढतात आणि राहणारी माणसं तेवढीच राहतात. वर्धा रोडवरच्या नव्या इमारतींत वन बीएचके विचारून बघा. ऑफिसातली मुलगी सरळ दुसऱ्या प्रोजेक्टचं नाव सांगते, आणि तो प्रोजेक्ट शहराच्या पार बाहेर असतो.

हुडकेश्वरच्या पुढचं आमचं आधीचं घर वाईट नव्हतं. १,२०० फुटांचा प्लॉट, स्वतःच्या चार भिंती, अंगणात पेरूचं झाड. ले-आऊट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून केलेला. नागपुरात असे ले-आऊट किती पसरले आहेत हे वेगळं सांगायला नको. अनधिकृत ले-आऊटच्या याद्या इथे ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनीच ओळखल्या जातात. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ते नियमित करायची सोय झाली, पण कागद नियमित झाला म्हणून गटाराची लाइन लगेच येत नाही. आमच्याकडे सेप्टिक टँक होती, उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा की गाडी मुख्य रस्त्यावर लावून चपला हातात घेऊन यायचं. घरात माणसं चार आणि गाड्या तीन, कारण गाडीशिवाय दूध आणणंसुद्धा अवघड. मुलीचा क्लास रात्री सुटायचा, तिला आणायला कोणीतरी रोज रिंग रोडपर्यंत जायचं. पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यापासून त्या स्वस्त घराचा हिशेब मी नव्यानं मांडला. तीन गाड्यांचं पेट्रोल, सर्व्हिसिंग, टँकर आणि माझे जाण्या-येण्यातले तास. त्या पैशात लोनचा निम्म्याहून जास्त हप्ता निघत होता.

इथे आल्यावर दोन गाड्या विकल्या. छत्रपती चौकाचं मेट्रो स्टेशन पायी गाठता येतं. तिथे पूर्वी उड्डाणपूल होता, तो मेट्रोसाठी पाडला, आणि आता खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर आहे. मी सकाळी अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर अशी तीन स्टेशनं जाते आणि तिथून चालत धंतोली. मिस्टर त्याच स्टेशनवरून दुसऱ्या बाजूला, खापरीकडे. दोघं एकत्र निघतो, एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा जमलं. खामल्याचा भाजीबाजार जवळ, औषधांचं दुकान कोपऱ्यावर, शिंपी दोन गल्ल्या पलीकडे. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, पण लिफ्टनं उतरून त्या स्वतः कोथिंबीर आणायला जातात. हुडकेश्वरला त्यांना देवळात जायचं तर मुलगा घरी यायची वाट बघावी लागायची. मोठ्या अंगणापेक्षा त्यांना हे स्वातंत्र्य जास्त आवडतं, असं त्या स्वतः सांगतात.

उन्हाळ्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नागपुरात घराची परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी होते. पारा ४५ च्या वर गेला की ब्रोशरमधलं सगळं विसरायला होतं.

या इमारतीत चार फ्लॅट चार कोपऱ्यांत आहेत आणि जिना-लिफ्ट मधोमध. त्यामुळे प्रत्येक घराला, वन बीएचकेलासुद्धा, दोन बाजू बाहेरच्या मिळाल्या. एका बाजूच्या खिडकीतून हवा आत येते, दुसऱ्या बाजूनं बाहेर जाते. कूलरला हेच लागतं. कूलर ओली हवा आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर गारवा येत नाही, अंग नुसतं चिकट होतं. घर घेण्याआधी मी लांब कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट असलेल्या मोठ्या स्कीमाही बघितल्या होत्या. तिथे मधल्या घरांना बाहेरची भिंत एकच. अशा घरात कूलर कामाचा नाही, एसीच लावावा लागतो आणि मग मे-जूनचं बिल भरायचं. छोटं घर घेणाऱ्याला ते बिल जास्त जाचतं. म्हणून घरं जास्त बसवताना ती कोपऱ्या-कोपऱ्यांत बसवणं फार महत्त्वाचं, आणि या आर्किटेक्टनं ते नीट केलं आहे.

दुसरी गोष्ट, हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी अँगलचा पक्का कूलर स्टँड, शेजारी वीजेचा पॉइंट आणि अर्धा इंची नळ. नळ! ज्या बाईनं एप्रिल ते जून रोज दोन वेळा बादल्या उचलून कूलरच्या टाकीत ओतल्या आहेत तिला या नळाची किंमत कळेल. आम्ही फ्लोट बॉल बसवला, टाकी आपोआप भरते. दुपारी ताट्या ओल्या, वाळ्याचा वास हॉलभर, आणि सासूबाई पोथी वाचत बसलेल्या असतात. आमच्याकडे एसी नाही, आणि अजून तरी लागला नाही.

इथे एक भानगड झाली. कूलरखालून ठिबकणारं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी असोसिएशननं सगळ्या मजल्यांच्या स्टँडखाली पत्र्याचे ट्रे लावले आणि एका पीव्हीसी पाइपनं ते पाणी मागच्या पट्टीत कडुनिंबाच्या आळ्यात सोडलं. झाड आता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलं आहे. कोणी नवी स्कीम बांधत असेल तर हा पाइप पहिल्यापासूनच द्यावा. खर्च किरकोळ, भांडण मात्र वाचतं.

चौथ्या मजल्याबद्दल वेगळं सांगते. तिथे रात्री अकरालासुद्धा स्लॅब गरम असतो. गच्चीला पांढरा उष्णता परतवणारा रंग दिल्यावर फरक पडला, पण तिसऱ्या मजल्याची बरोबरी नाही. ते फ्लॅट थोडे कमी भावानं दिले होते, ते योग्यच.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार भिंतीची. दोन फ्लॅटच्या मधली भिंत चार इंची आहे. शेजारच्यांचा मिक्सर, त्यांच्या मुलाचे पाढे, रात्रीची मालिका, सगळं ऐकू येतं. आमचे शेजारी समजूतदार आहेत म्हणून निभतं. पण जिथे माणसं जवळजवळ राहणार तिथे भिंत जाड हवीच. दोन घरांमध्ये किमान सहा इंची भिंत, आणि शक्य तर दोन घरांचे हॉल एकमेकांना लागून आणि बेडरूम बाहेरच्या बाजूला, एवढं केलं असतं तर निम्मा त्रास नसता. बिल्डरनं इथे पैसे वाचवले ते मला अजिबात पटलेलं नाही. छोटी घरं म्हणजे हलकी घरं असा अर्थ होऊ नये. लोकांना फ्लॅटची भीती वाटते ती अशाच अनुभवांमुळे.

स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. एक्झॉस्ट लावला नाही तर फोडणीचा ठसका घरभर. डक्टमध्ये पारवे होतात, जाळी लावून घ्यावी लागली.

पार्किंगवर मात्र माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. खाली नऊ चारचाकी मावतात, आठ टू बीएचकेवाल्यांच्या आणि एक पाहुण्यांची. वन बीएचकेला दुचाकीपुरती जागा दिली आणि किंमत तेवढी कमी ठेवली. पुष्कळ जण इथेच नाक मुरडतात. पण हिशेब बघा. एक कार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साधारण १३५ स्क्वेअर फूट लागतात, आणि ती आत-बाहेर काढायची जागा वेगळी. ३८० फुटांच्या घराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा झाली ही. ज्याच्याकडे कार नाही त्यानं तिचे पैसे का भरावेत? आमच्याकडे कार नाही. आमची जागा आम्ही इमारतीतल्याच एका वन बीएचकेवाल्या कुटुंबाला भाड्यानं दिली आहे, त्यांचंही काम झालं आणि आमचंही. हे खरं की आणखी दोघांनी नंतर गाड्या घेतल्या आणि त्या गल्लीत उभ्या राहतात. समोरच्यांचं गेट अडतं, आणि त्यांचा राग रास्त आहे. असोसिएशनच्या नियमात आता स्पष्ट लिहिलं आहे की आत जागा नसेल तर कार घेणाऱ्यानं जवळपास जागा भाड्यानं घ्यायची. एकानं घेतली. दुसऱ्याशी बोलणं चालू आहे.

मेंटेनन्स घरामागे महिन्याला १,८००. त्यात चौकीदार, झाडणारी बाई, लिफ्टचं वार्षिक कंत्राट, पंप आणि जिन्यातले दिवे. समोरच्या चार घरांना हाच खर्च चौघांत वाटावा लागतो, ते साडेसहा हजार भरतात. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असोसिएशन रीतसर झाली आहे, हिशेब दर तीन महिन्यांनी लिफ्टशेजारी लागतो. चौकीदार वर्ध्याकडचा आहे, कामात चोख. नळ आला की सकाळी इंटरकॉमवर त्याचा आवाज येतो, “ताई, पाणी येऊन राहिलं, फिल्टर भरून घ्या.”

जुन्या बंगलेवाल्या शेजाऱ्यांचा या स्कीमला विरोध होता. गर्दी होईल, पाणी पुरणार नाही, गटार तुंबेल. मी त्यांना दोष देत नाही. गटार खरंच तुंबलं. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या गेटजवळचं चेंबर भरून घाण पाणी रस्त्यावर आलं, कारण बंगल्याच्या काळातली चार इंची लाइन तशीच जोडून दिली होती. सगळ्यांनी पैसे काढून इमारतीपासून रस्त्यापर्यंत सहा इंची टाकून घेतली. रस्त्यातली मुख्य लाइनसुद्धा जुनी होती. ती बदलायला खूप अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, आणि त्या अर्जांवर आमच्या बरोबरीनं बंगलेवाल्यांनीही सह्या केल्या. सोळा घरं म्हणजे सोळा मालमत्ता कर. पूर्वी या प्लॉटवरून एकच यायचा. जिथे घरं वाढतात तिथून पैसाही जास्त येतो, तर तो आधी तिथल्या गटारावर आणि पाण्याच्या लाइनवर खर्च व्हावा, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. ते न करता नुसते नकाशे मंजूर करत गेलं तर लोक प्रत्येक नव्या इमारतीला विरोध करतील आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येणार नाही.

पण गर्दी या शब्दाची भीती मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत नागपूर महापालिकेच्या हद्दीत २४ लाख ५ हजार लोक होते आणि क्षेत्र साधारण २१७ चौरस किलोमीटर. चौरस किलोमीटरला ११ हजारांच्या आसपास. ही सरासरी झाली. महाल, इतवारीत माणसं याहून कितीतरी दाट राहतात. माझं माहेर महालातलं, बडकस चौकाजवळचं. वाड्यात आमची पाच बिऱ्हाडं होती. अंधार होता, खालच्या खोल्यांना ओल होती, संडासासाठी रांग होती, हे सगळं मला आठवतं आणि ते परत नको. पण शाळा पायी होती, डॉक्टर पायी होते, केळीबाग रोडला सगळं मिळायचं, आणि आई घराला कुलूप न लावता समोर जाऊन यायची. इथे उजेड, वारा आणि स्वतःचा संडास-बाथरूम आहे, आणि पायी जगणंही परत मिळालं. आमच्या सोळा कुटुंबांनी शहराबाहेर १,२०० फुटांचे प्लॉट घेतले असते तर १९,२०० फूट जमीन लागली असती, वर रस्ते, दिवे, पाइप वेगळे, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन गाड्या रोज शहरात आल्या असत्या. मग गर्दी कुठे झाली असती? चौकातल्या सिग्नलला.

जमिनीवरून आणखी एक गोष्ट सांगायची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. माझी मावशी अंबाझरी ले-आऊटमध्ये तळमजल्यावर राहते. फ्रिज तरंगत होता तिचा. कपाटातली कागदपत्रं, गाद्या, धान्य, सगळं गेलं. त्या दिवसापासून स्टिल्टवर, म्हणजे खाली पार्किंग सोडून खांबांवर उभ्या असलेल्या घराची किंमत मला वेगळी वाटते. खाली पाणी आलं तरी माणसं वर कोरडी राहतात. पण आमच्या बिल्डरनं चारही बाजूंची मोकळी जागा पेव्हर ब्लॉकनं भरून टाकली होती. मावशीकडचा चिखल काढून परत आल्यावर आम्ही मीटिंग घेतली आणि मागच्या पट्टीतले ब्लॉक काढून माती मोकळी केली. गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. सगळ्या स्कीमांनी हे करावं. घरं दाट असावीत, पण प्लॉटची शेवटची वीतसुद्धा सिमेंटखाली जायला नको.

माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. वन बीएचकेमुळे इमारतीत जी माणसं आली ती समोरच्या इमारतीत येऊच शकली नसती. निवृत्त अंगणवाडी सेविका आहेत, एकट्याच. जन्मभर भाड्यानं राहिल्या आणि साठीनंतर स्वतःच्या नावाचं दार मिळालं. दोन नर्स मिळून भाड्यानं राहतात, धंतोलीतल्याच एका हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करतात आणि मेट्रोनं येतात-जातात. एक नवं लग्न झालेलं जोडपं आहे. जमिनीचे मूळ मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांना मोबदल्यात दोन टू बीएचके आणि दोन वन बीएचके मिळाले. एकात ते आणि काकू राहतात, एकात मुलगा, आणि दोन वन बीएचकेच्या भाड्यावर त्यांचा महिना चालतो. त्यांना मी एकदा विचारलं की बंगल्याची आठवण येते का. म्हणाले, “येते जी. पण बंगल्यात आम्ही दोघं म्हातारे. संध्याकाळी बोलायले माणूस नाही. आता खाली उतरलो का कोणी ना कोणी भेटूनच राहते.” काकूंना मागच्या वर्षी चक्कर आली तेव्हा ज्या नर्सनं त्यांना सांभाळलं ती त्यांचीच भाडेकरू.

घ्यायला जाणाऱ्यांनी काही गोष्टी बघाव्यात. महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आहे का ते आधी विचारा. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नागपुरातल्या पुष्कळ छोट्या स्कीमा याच मापात बसवलेल्या असतात. आमचा प्लॉट ६९७ चौरस मीटर होता, म्हणून नोंदणी होती, आणि ताब्याला उशीर झाला तेव्हा ती कामी आली. नोंदणी नसेल तर घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण मंजूर नकाशा आणि जमिनीचे कागद वकिलाला दाखवा. जमीन नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) लीजची असेल तर लीजचं नूतनीकरण झालं आहे का ते बघा. भाव नेहमी कार्पेटवर काढून बघा. आमच्या एजंटनं ७६० फूट सांगितलं होतं, टेप लावल्यावर आतली जागा ५४० निघते. दोन फ्लॅटमधल्या भिंतीची जाडी विचारा. कूलरचा नळ विचारा. आणि साइट बघायला मे महिन्यात दुपारी दोनला जा. सकाळी गेलात तर सगळीच घरं गार वाटतात.

आमच्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा एक वन बीएचके सध्या विकायला आहे, ४० लाख मागताहेत. ३२ लाखांचं घर एवढ्या लवकर ४० ला गेलं याचा मला आनंद होत नाही. ते घर बघायला येणारी रांग बघितली की कळतं, या भागात ३८० फुटांचं घर दुसरीकडे कुठे मिळतच नाही. आमच्या गल्लीतले आणखी दोन बंगले डेव्हलपमेंटला निघाले आहेत. त्यातल्या एका मालकांना काका स्वतः जाऊन भेटले आणि आमच्यासारखा नकाशा करा म्हणून सांगून आले. बिल्डरचं म्हणणं, वन बीएचकेला गिऱ्हाईक मिळत नाही. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही. ज्यांना खरंच या भागात छोटं घर हवं आहे त्यांनी येत्या महिन्याभरात येऊन त्या मालकांना भेटावं. रविवारी सकाळी काका खाली पार्किंगमध्येच बसलेले असतात, तेच घेऊन जातील.